हेलिकॉप्टर पुन्हा पुन्हा स्वतःभोवती गिरक्या घेतंय? ट्रिम फिरवण्याआधी हे बघा

खेळण्यातलं रिमोटचं हेलिकॉप्टर नवं असताना थ्रॉटल (रिमोटवरची पंख्यांचा वेग वाढवणारी दांडी) दिला की सरळ वर उठतं. मग कधीतरी ते जमीन सोडताच स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागतं. रिमोटवरचं ट्रिम, म्हणजे एका बाजूची ओढ सावरणारं छोटं फिरतं बटण, थोडं फिरवलं की सरळ होतं आणि आपण निर्धास्त होतो. दोन-चार दिवसांनी पुन्हा तीच गिरकी, पुन्हा थोडं ट्रिम. असं करत करत ट्रिम एका टोकाला जाऊन टेकतं, पुढे फिरवायला जागा उरत नाही आणि ‘सर्किट गेलं’ असं म्हणून हेलिकॉप्टर कपाटात जातं.

बहुतेक वेळा सर्किट ठणठणीत असतं. बिघाड कुठेतरी घर्षणात, नाहीतर बॅटरीत असतो आणि ट्रिम फिरवून आपण तो फक्त झाकत राहतो. ट्रिमकडे थर्मामीटर म्हणून बघा. ते मधल्या खुणेपासून किती सरकलंय, यावरून आत काहीतरी किती बिघडलंय हे कळतं. म्हणून हे वाचताना पहिलं काम करा ते ट्रिम मधोमध आणून ठेवायचं. खाली सांगितलेल्या सगळ्या तपासण्या ट्रिम मध्यावर असतानाच करायच्या.

मी इथे बोलतोय ते एकावर एक अशा दोन मुख्य पंख्यांच्या, नवशिक्यांसाठीच्या ३ चॅनेलच्या (वर-खाली, डावी-उजवीकडे वळणं आणि पुढे-मागे, अशा तीन हालचालींच्या) हेलिकॉप्टरबद्दल. सायमा एस१०७जी हे त्यातलं बहुतेकांच्या ओळखीचं मॉडेल, पण या घडणीची सगळी हेलिकॉप्टरं आतून साधारण सारखीच असतात. वर एकच पंखा आणि शेपटीला उभा छोटा पंखा असलेलं ४ चॅनेलचं हेलिकॉप्टर असेल, तर गिरकीचं कारण आधी शेपटीच्या पंख्यात आणि त्याच्या मोटरमध्ये शोधा. बॅटरी, जायरो (धड वळतंय का हे ओळखणारा सर्किटवरचा भाग) आणि अडकणाऱ्या केसांबद्दल पुढे लिहिलंय ते मात्र त्यालाही लागू आहे.

गिरकी मुळात येते कशी

पंखा एका दिशेने फिरला की हेलिकॉप्टरचं धड उलट दिशेने फिरू बघतं. दोन पंख्यांच्या रचनेत वरची पाती एका दिशेने आणि खालची पाती दुसऱ्या दिशेने फिरतात, त्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींना मारतात आणि धड स्थिर राहतं. रशियातल्या कामोव कंपनीची बहुतेक मोठी हेलिकॉप्टरं याच तत्त्वावर उडतात, म्हणूनच त्यांच्या शेपटीला आपल्याला नेहमी दिसतो तसा उभा पंखा नसतो.

खेळण्यात यासाठी दोन वेगळ्या मोटरी असतात. वरच्या पात्यांचा शाफ्ट, म्हणजे त्यांना फिरवणारा दांडा, बारीक, भरीव असतो आणि तो खालच्या पात्यांच्या पोकळ शाफ्टच्या आतून जातो. दोन्ही शाफ्टच्या खालच्या टोकांना एकेक मोठा गिअर आणि त्या प्रत्येकाला फिरवणारा मोटरीवरचा छोटा पिनियन. वळायचं झालं की सर्किट एक मोटर किंचित जलद आणि दुसरी किंचित हळू करतं. जायरोही तेच करतो, फक्त आपण न सांगता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक उगाच सुटे भाग मागवतात. या हेलिकॉप्टरच्या शेपटीतला छोटा पंखा आडवा असतो आणि त्याचं काम फक्त नाक वर-खाली करून पुढे-मागे नेण्याचं. गिरकीशी त्याचा संबंध नाही. शेपटीची मोटर बदलून गिरकी थांबणार नाही.

गिरकी कधी सुरू होते, ते आधी बघा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक पूर्ण चार्ज केलेली फेरी उडवा आणि गिरकी नेमकी कधी येते त्याकडे लक्ष द्या. निम्मं निदान इथेच होतं.

पहिल्या क्षणापासून गिरकी असेल, तर जायरो, केस-धागे, गिअर किंवा पाती यांपैकी काहीतरी आहे. पहिली दोन-तीन मिनिटं छान उडून नंतर गिरकी येत असेल, तर बॅटरी किंवा तापणारी मोटर. आदल्या फेरीत जोरात आपटलं आणि तेव्हापासून सुरू झालं असेल, तर शाफ्ट आणि गिअर बघा. फक्त खिडकीजवळ किंवा बाहेर अंगणात गेल्यावरच बिघडत असेल, तर हेलिकॉप्टरला हात लावू नका, दोष सिग्नलचा किंवा वाऱ्याचा आहे.

जायरो: फुकटातला उपाय

हेलिकॉप्टर चालू केल्यावर पहिले काही सेकंद जायरो ‘मी आत्ता स्थिर आहे’ हे शिकत असतो. त्या वेळी हेलिकॉप्टर हातात असलं, सतरंजीवर तिरकं पडलं असलं किंवा कोणी उचलून सरळ केलं, तर तो ती हालचालच शून्य समजून बसतो. मग उडताना धड सावकाश, एकसारखं एकाच बाजूला वळत राहतं. ही गिरकी संथ असते आणि प्रत्येक वेळी स्विच बंद-चालू केलं की तिचा वेग किंवा दिशा बदलते. हीच तिची ओळख.

उपाय सोपा आहे. सपाट, कडक जागेवर ठेवा, टेबल किंवा फरशी चालेल. थ्रॉटल तळाला न्या. स्विच चालू करा, हात काढून घ्या आणि दिवा स्थिर होईपर्यंत हेलिकॉप्टरला स्पर्श करू नका. थंड खोलीतून उबदार खोलीत नुकतं आणलं असेल तर थोडा वेळ तसंच ठेवून मग चालू करा. तापमान झपाट्याने बदललं की जायरोचा शून्य सरकतो.

दर काही दिवसांनी हीच तक्रार येत असेल, तर पुढचं आवरण काढून सर्किटची पट्टी बघा. ती बहुतेकदा दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली असते आणि जायरो तिच्यावरच असतो. चिकटपट्टी सुटून पट्टी हलत असेल, तर मोटरीचं कंपन जायरोला वळण वाटतं. जुनी चिकटपट्टी पूर्ण काढून फोमची नवी लावा. पट्टी उचलताना वायरी ओढल्या जाऊ देऊ नका, त्यांचे सांधे फार नाजूक असतात.

केस, धागे, गालिच्याची लव

माझ्या अनुभवात परत परत येणाऱ्या गिरकीचं सगळ्यात मोठं कारण हेच. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठतं, जमिनीवर पडतं, पंख्याचा वारा खालची धूळ उडवतो आणि एखादा लांब केस आत ओढला जातो. तो खालच्या गिअरच्या आणि सांगाड्याच्या मधल्या फटीत गुंडाळत जातो. एका केसाने काही बिघडत नाही. पण प्रत्येक फेरीत त्यात भर पडते, घर्षण वाढतं, त्या जोडीच्या पात्यांचा वेग थोडा पडतो आणि आपण ट्रिम थोडं सरकवतो. ‘रोज थोडं थोडं बिघडतंय’ असं वाटायचं कारण हे असतं, दररोज खरंच थोडं थोडं बिघडत असतं.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका हेलिकॉप्टरचं ट्रिम पार डावीकडे टेकलेलं होतं. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. आवरण काढलं, खाली पांढरा कागद धरला आणि बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकला, तेव्हा खालच्या गिअरच्या खाली एक काळसर कडं दिसलं. धातूचाच भाग वाटावा इतकं घट्ट आणि एकसारखं. चिमट्याचं टोक खुपसलं तर ते मऊ लागलं. केस, सतरंजीचा लाल धागा आणि तेलकट धूळ यांचं ते वेटोळं होतं. ते सुटल्यावर ट्रिम मधोमध ठेवून हेलिकॉप्टर सरळ उठलं.

काढायची पद्धत अशी. आधी स्विच बंद आणि बॅटरी सुटी करता येत असेल तर काढून ठेवा. टोकदार चिमट्याने केसाचं एक टोक शोधा. ते ओढू नका. टोक पकडून ठेवा आणि पाती हाताने उलट्या दिशेने सावकाश फिरवा, म्हणजे वेटोळं आपोआप उलगडत येतं. ओढलं तर केस तुटतो आणि उरलेला भाग आणखी आत बसतो. टोक सापडतच नसेल, तर शिवणाच्या बारीक कात्रीच्या टोकाने वेटोळं एका जागी कापा आणि तुकडे वेचा. गिअरच्या प्लास्टिकवर ओरखडा पडणार नाही याची काळजी घ्या.

शेपटीच्या छोट्या पंख्यामागेही बघा. तिथला केस गिरकी आणत नाही, पण ती इवलीशी मोटर जाम होऊन जळते आणि मग हेलिकॉप्टर पुढे जाईनासं होतं.

कोणती जोडी कमजोर, हे गिरकीच सांगते

केस काढूनही गिरकी राहिली, तर आता वरची जोडी बिघडली की खालची, ते ठरवायचं. त्यासाठी एक नियम लक्षात ठेवा: हेलिकॉप्टरचं धड ज्या दिशेने गिरकी घेतंय, त्याच दिशेने फिरणारी पात्यांची जोडी कमजोर पडलेली असते. कारण सरळ आहे. घड्याळाच्या दिशेने फिरणारी पाती धडाला उलट दिशेने ढकलतात. त्यांचा जोर कमी झाला की दुसऱ्या जोडीचा धक्का वरचढ होतो आणि धड घड्याळाच्या दिशेने वळतं.

याला एक अपवाद आहे. एखादं पातं वाकून त्याचा कोन वाढला असेल, तर ती जोडी हवेला जास्त भिडते आणि तिचाच धक्का वाढतो, मग गिरकी तिच्या उलट दिशेला येते. म्हणून हा नियम वापरण्याआधी चारही पाती डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. सगळ्यांची वळणं सारखी दिसली की नियमावर भरवसा ठेवा.

मग खात्री करून घ्या. हेलिकॉप्टर पायांच्या पट्टीला धरा, चेहऱ्यापासून लांब आणि बोटं पात्यांच्या खाली. थ्रॉटल अगदी सावकाश वर न्या. दोन्ही जोड्या जवळजवळ एकदमच हलायला हव्यात. जी जोडी उशिरा जागी होते किंवा झटका घेऊन सुटते, ती बिघडलेली.

आता बॅटरीचं स्विच बंद करून तीच जोडी बोटाने हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवा. मोटरीतल्या चुंबकांमुळे बारीक, एकसारखे ठोके लागतील, ते अगदी ठीक. पण पूर्ण फेऱ्यात एकाच जागी ‘कट्’ असा अडथळा आला, तर मोठ्या गिअरचा दात तुटलाय किंवा दातांत काही अडकलंय. तोच अडथळा एका फेऱ्यात वारंवार आला, तर दोष पिनियनमध्ये आहे, कारण मोठा गिअर एकदा फिरतो तेवढ्यात पिनियन अनेकदा फिरतो. दुसरी जोडीही फिरवून बघा. दोघींमधला फरक बोटांना लगेच कळतो.

पाती हातात घट्ट धरून गिअर बोटाने फिरवण्याचा प्रयत्न करा. गिअर फिरला आणि पाती जागची हलली नाहीत, तर गिअर शाफ्टवर घसरतोय. बहुतेकदा गिअरच्या मधल्या भोकाला केसाइतकी बारीक चीर गेलेली असते. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. चिरलेला गिअर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. गोंद दातांत किंवा शाफ्टच्या फटीत उतरतो आणि होतं तेवढंही जातं. गिअर नवाच घाला.

पिनियन चिरला की आवाजावरून कळतं. मोटर नेहमीपेक्षा उंच, पातळ आवाजात ओरडते आणि पाती मात्र सुस्त.

आपटल्यानंतरची तपासणी

आपटण्यात सगळ्यात आधी वाकतो तो आतला बारीक शाफ्ट. वरची पाती हाताने फिरवत त्यांच्या मधल्या बिंदूकडे बाजूने बघा. तो बिंदू जागेवर फिरण्याऐवजी छोटं वर्तुळ काढत असेल, तर शाफ्ट वाकलाय. असं हेलिकॉप्टर थरथरतं, हवेत गोल गोल रेंगाळतं आणि वाकलेला शाफ्ट पोकळ नळीला आतून घासत असल्यामुळे बॅटरी लवकर संपवतं. शाफ्ट पकडीने सरळ करता येतो असं वाटतं खरं, पण तो पुरेसा सरळ होत नाही. बदललेला बरा.

वरची पाती वर-खाली हलवून बघा. अगदी किंचित हालचाल हवीच, नाहीतर शाफ्ट अडकून राहतो. पण खूपच सैल वाटलं तर खालच्या बाजूला शाफ्टवर बसवलेली छोटी कडी घसरली आहे. तिचा स्क्रू ढिला करून कडी जागेवर आणा आणि पुन्हा कसा.

पात्यांच्या स्क्रूबद्दल मात्र उलटं आहे. ते कसून आवळायचे नसतात. हेलिकॉप्टर कुशीवर आडवं धरलं की पाती आपल्या वजनाने लोंबली पाहिजेत. मोकळी पाती फिरताना आपोआप ताणून सरळ रेषेत येतात, आणि कुठे लागली तर मागे दुमडून वाचतात. आवळलेली पाती जशी असतील तशीच राहतात, तोल बिघडवतात आणि धक्का थेट शाफ्टला देतात. कितीतरी थरथरणारी हेलिकॉप्टरं हे स्क्रू पाव फेरा सैल केल्यावर शांत होतात.

पाती बदलताना वरची आणि खालची वेगळी असतात हे विसरू नका. त्यांच्यावर बहुधा ए आणि बी अशी अक्षरं असतात, आणि दोन्ही जोड्या उलट फिरत असल्यामुळे त्यांचे कोनही उलटे असतात. एका जोडीवर दुसरीची पाती लागली तर ती हवा वर ढकलतात. हेलिकॉप्टर नुसतं गुरगुरतं, उठत नाही. पात्याची जाड, गोलसर कड फिरण्याच्या दिशेला पुढे यायला हवी. एक पातं तुटलं तरी जोडी बदला. तुटलेल्या पात्याला चिकटपट्टी लावली की त्याचं वजन वाढतं आणि थरथर सुरू होते.

सगळ्यात वर टोकांना वजनं असलेला बॅलन्स बार असतो. तो फिरताना आपलं प्रतल सोडायला तयार नसतो आणि छोट्या दुव्यांनी वरच्या पात्यांना सतत सरळ करत राहतो. ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराची मान्यता मिळवणारं पहिलं हेलिकॉप्टर, बेल ४७, याच्या पंख्यावरही आर्थर यंग यांनी विकसित केलेला असाच बार होता. इतक्या जुन्या आणि खात्रीच्या युक्तीवर आपलं खेळणं तोल सावरतं. आपटल्यावर त्याचा एखादा दुवा गोळ्यावरून निसटतो, तो अंगठ्याने दाबला की ‘टिक्’ करून बसतो. बार दोन्ही बाजूंना सहज झुलला पाहिजे.

बॅटरी: दोन मिनिटांनी येणाऱ्या गिरकीचं उत्तर

या हेलिकॉप्टरांत एका सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. नाममात्र ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. क्षमता साधारण १५० ते २५० मिलिअँपिअर-तास. यावर पाच ते आठ मिनिटांचं उड्डाण हे उत्तम समजा. त्याहून जास्तीची अपेक्षा करू नका.

व्होल्टेज उतरलं की हेलिकॉप्टर हवेत ठेवायला आपण थ्रॉटल वाढवतो. एका टप्प्याला दोन्ही मोटरी त्यांच्या कमाल जोरावर चालू लागतात. आता जायरोला वळण थांबवायचं असेल तर एक मोटर आणखी जलद करायला हवी, पण त्याच्या हातात काही शिल्लकच नसतं. म्हणून संपत आलेल्या बॅटरीवर गिरकी येते. त्या वेळी ट्रिम फिरवलं तर पुढच्या पूर्ण चार्जला हेलिकॉप्टर उलट्या बाजूला गिरकी घेणार, हे ठरलेलं. उड्डाणाच्या शेवटी ट्रिमला हातच लावू नका. हेलिकॉप्टर उतरवा.

पूर्ण चार्ज करूनही हे लवकर होत असेल तर मल्टिमीटरने मोजा. चार्ज झाल्या झाल्या ४.१ च्या वर आणि काही वेळ ठेवल्यावरही तिथेच टिकली, तर बॅटरी बरी आहे. चार्जरचा दिवा ‘पूर्ण’ सांगतो आणि मीटर ३.९ दाखवतो, तर दोष चार्जिंगमध्ये. रिमोटमधून चार्ज करत असाल तर रिमोटचे सेल उतरलेत. रिमोटमधून निघणाऱ्या वायरीपेक्षा यूएसबीची वायर मला केव्हाही जास्त भरवशाची वाटते, ती साध्या ५ व्होल्टच्या यूएसबी पोर्टला लावायची. हेलिकॉप्टरबरोबर आलेली वायर सोडून भलताच चार्जर थेट बॅटरीला जोडू नका.

बॅटरी मरते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: खेळून झाल्यावर स्विच चालू राहतं. सर्किटला लागणारी थोडी वीज रात्रभरात सेल ३ व्होल्टच्या खाली ओढते आणि तिथून तो पूर्ण सावरत नाही. म्हणून उतरवलं की आधी स्विच बंद, मग बाकी सगळं. उडून आलेली बॅटरी गरम असते, ती दहा-पंधरा मिनिटं निवू द्या आणि मगच चार्जिंगला लावा. चार्ज होत असताना घरात कोणीतरी जागं आणि जवळ असावं. बरेच दिवस उडवायचं नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली, ३.८ व्होल्टच्या आसपास, थंड कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते.

बॅटरी फुगली असेल, थोडीशीही, तर तिचं आयुष्य संपलं. ती टोचू नका, दाबू नका, ‘एकदा चार्ज करून बघू’ असंही करू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मुलांच्या हातात हे खेळणं जातं, म्हणून या एका बाबतीत मी काटेकोर आहे.

सिग्नल

इन्फ्रारेड रिमोट असेल तर उन्हात हेलिकॉप्टर बिघडलंय असं वाटणारच. सूर्यप्रकाशातले इन्फ्रारेड किरण रिमोटच्या सिग्नलला बुडवून टाकतात. पडदे ओढून त्याच खोलीत पुन्हा उडवा. खोलीत दोन हेलिकॉप्टरं असतील तर त्यांचे ए, बी बँड (रिमोटच्या सिग्नलचे वेगळे मार्ग) वेगवेगळे ठेवा. रिमोट खरंच सिग्नल देतोय का ते फोनच्या कॅमेऱ्यातून बघता येतं. रिमोटच्या पुढच्या दिव्यांकडे कॅमेरा धरून थ्रॉटल वर केला की डोळ्यांना न दिसणारे दिवे पडद्यावर जांभळट चमकतात. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात ते दिसत नाहीत, पुढचा वापरून बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रिमोटला उन्हाचा त्रास नाही.

रिमोटमध्ये रिचार्जेबल सेल घातलेत का तेही बघा. साधे ६ सेल ९ व्होल्ट देतात, रिचार्जेबल ६ सेल ७.२. काही रिमोटना तेवढे पुरत नाहीत आणि पल्ला कमी होतो.

बिघाड नसतानाही दिसणारा बिघाड

जमिनीलगत हेलिकॉप्टर डुगडुगतं, सरकतं, कधी थोडं वळतंही. पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत येते, त्यात ते उडत असतं. हे तिथे तपासूच नका. थ्रॉटल ठामपणे देऊन कमरेइतक्या उंचीवर न्या आणि मग बघा. भिंतीजवळही असंच होतं, हेलिकॉप्टर भिंतीकडे ओढलं जातं. छताचा पंखा आणि एसी बंद हवेत.

आणि ३ चॅनेलचं हेलिकॉप्टर डावी-उजवीकडे सरकलं तर ते थांबवायला रिमोटवर काही नसतंच. नाक त्या दिशेला फिरवून पुढे किंवा मागे नेणं एवढाच मार्ग. नवशिके यालाही बिघाड समजून ट्रिम फिरवतात.

तेल

फार थोडं. शिवणयंत्राचं पातळ तेल सुईच्या टोकावर मावेल एवढं, आतला शाफ्ट पोकळ शाफ्टमधून वर बाहेर येतो तिथे. जादा तेल कापसाने टिपून घ्या. प्लास्टिकच्या गिअरांना तेल नको, त्यावर धूळ आणि केस चिकटतात. गंज सोडवणारे फवारे अजिबात मारू नका, ते मोटरीत शिरतात.

मोटर बदलायची वेळ

वरचं सगळं झालं, ट्रिम मध्यावर आहे, बॅटरी चांगली आहे, गिअर मोकळे फिरतात, तरी गिरकी त्याच दिशेला येतेय. आता मोटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. दोन मिनिटं उडवून उतरवा आणि दोन्ही मोटरींना बोट लावा. एक दुसरीपेक्षा ठळक गरम लागली, तर तीच. या ब्रशच्या मोटरी असतात. आतले ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तुकडे, झिजतात आणि त्यांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजलं जातं. हे झिजणं कोणाला चुकत नाही, पण ते लवकर होणं आपल्या हातात असतं. पाती पडद्यात, सोफ्यात किंवा कोणाच्या केसांत अडकली की थ्रॉटल त्याच क्षणी शून्यावर आणा. अडवलेली मोटर फिरत नाही, पण वीज ओढत राहते, आणि ती सगळी वीज उष्णता होऊन ब्रश, तारा आणि सर्किटवरचा छोटा ट्रान्झिस्टर भाजते. मुलांना उडवायला शिकवताना वर कसं न्यायचं याआधी थ्रॉटल झटकन कसा सोडायचा ते शिकवा.

मोटर बदलताना शक्यतो दोन्ही एकदम बदला. एक नवी, एक झिजलेली असली की दोघींचा जोर जुळत नाही आणि पुन्हा ट्रिम सरकवायची वेळ येते. दोन्ही मोटरी एकसारख्या दिसल्या तरी त्यांच्या वायरींचे रंग वेगळे असतात, कारण त्या उलट दिशांना फिरतात. काढण्याआधी फोटो काढून ठेवा: कोणती वायर कुठे, कोणती मोटर कुठल्या गिअरला. सोल्डरिंगची सवय नसेल तर ज्याला आहे त्याच्याकडून करून घ्या, सर्किटवरच्या वायरी जोडायच्या ठिपक्यांना जास्त वेळ उष्णता लागली की ते उखडतात. नवी मोटर बसवल्यावर पिनियन आणि गिअर यांच्यात कागदाच्या जाडीइतकी फट राहू द्या. अगदी घट्ट भिडवलं तर दात झिजतात आणि सैल राहिलं तर निसटतात.

पहिली काही मिनिटं हेलिकॉप्टर पायांना धरून कमी थ्रॉटलवर चालवा, म्हणजे नवे ब्रश नीट बसतात. मध्ये मध्ये थांबून मोटरी निवू द्या आणि मगच हवेत सोडा. जुन्या मोटरी टाकण्याआधी त्यांचे पिनियन तपासा. शाबूत असतील तर काढून डबीत ठेवा, पुढे कधी एखादा चिरला तर अख्खी मोटर घ्यावी लागणार नाही.